आडवी अँटेना

आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं केली. लोकांच्या गच्च्यांवर टीव्हीच्या अँटेना लावल्या आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलं. डिश आल्या तसं पहिलं काम सुटलं. दुसरं जोरात चालू आहे.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वरची हवा मोजायला आम्ही तीस किलोमीटर उंच जाणारा फुगा सोडणार होतो. त्याला लोंबणाऱ्या पेटीत सगळ्या नोंदी. रेडिओवर यायचा तो फक्त तिचा ठावठिकाणा. पेटी कुठे पडली ते कळलं नाही, तर माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

अँटेना कुठली घ्यायची यावरून घरात पंधरा दिवस जुंपली होती. मला साधी काठीसारखी हवी होती. ती चारी बाजूंचं ऐकते, फुग्यामागे फिरवावी लागत नाही.

"जवळचं ऐकेल. लांबचं काय कप्पाळ ऐकणार?" सासरे म्हणाले. "दांड्यांची घे, टीव्हीची असते तशी. मी बनवतो."

"तुम्हाला विचारलंय कोणी?" म्हणत मी हट्टाने काठीच आणली.

फुगा फुटेपर्यंत काठीने छान ऐकलं. मग वाऱ्याने लांब गेलेली पेटी खाली येऊ लागली आणि आवाज विरत गेला. म्हाताऱ्याचं खरं ठरलं. त्यात स्वतः बनवलेली दांड्यांची अँटेना घेऊन स्वारी कॉलेजच्या गच्चीवर हजर. नाक मुठीत धरून मी म्हटलं, "लावा."

त्यांनी ती खांबाला आवळली, घरोघरी लावायचे तशी आडवी. पेटीच्या रेडिओची तार उभी लोंबते, मग ऐकणाऱ्या दांड्याही उभ्याच हव्यात.

"बाबा, उभी करा."

"तीस वर्षं लावतोय. मला अक्कल शिकवू नकोस."

मी पाना हिसकावला, त्यांनी परत ओढला. अँटेना उभी झाली तोवर पेटी डोंगराआड उतरली होती, रेडिओत नुसती खरखर.

तीन दिवस डोंगर पालथे घातले. पेटी मिळाली नाही.

रविवारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर कशालाच न जोडलेली आमची जुनी गंजकी अँटेना आडवीची उभी केलेली. शेजारी पाना. आता काय उपयोग, असं त्यांच्या तोंडावर म्हणायला मी तरातरा खाली आले.

ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "दांड्यांची आधीच घेतली असतीस, तर हे उभ्या-आडव्याचं भांडण घरातच झालं असतं."

मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी आपटली.