आधी तुम्ही खाऊन दाखवा

"वहिनी, आधी तुम्ही एक खाऊन दाखवा."

कॉलनीचे सेक्रेटरी, आमचे नाना, त्यांनी माझ्याच पापडांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. माझ्याच ओट्यावर. मागे पाच-सहा बायका, सगळ्या माझ्या गिऱ्हाईक. सीमेवर लढाई सुरू होऊन तीन दिवस झाले होते. आणि मी सीमेपलीकडे, सिंधमध्ये जन्मलेली.

लग्न होऊन जळगावला आले त्याला वीस वर्षं झाली. दोन्ही मुलं इथलीच. माझा नागरिकत्वाचा अर्ज मात्र अजून अडकलेला. चौकशीला आलेले पोलीस सेक्रेटरीला विचारतात, बाई कशी आहे. नानांना ते पक्कं माहीत.

म्हणून मी खाल्ला. कच्चा पापड. उभ्या उभ्या. मिऱ्यांनी घसा जळत होता आणि त्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मला काही होतं का म्हणून. माझ्याकडे पापड लाटायला येणारी शिंदखेड्याची अक्का तेवढी तिच्या अहिराणीत बोलली, "तू कसाले खास? फेकी दे."

मी फेकला नाही. त्या घासाची लाज मला अजून वाटते.

पुढच्या आठवड्यात नाना पुन्हा आले, मोबाईल घेऊन. त्या देशाच्या नावाने मुर्दाबाद म्हणा, व्हिडिओ ग्रुपवर टाकतो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, म्हणाले. कॉलनीत चाळीस घरं. अजून कोणाकोणाचा घेतला, मी विचारलं. कोणाचाच नाही.

त्या देशात माझी आई आहे. म्हातारी, कानाने अधू. लढाई लागल्यापासून तिचा फोन लागत नव्हता. तिथल्या सरकारला मी घरात बसून किती शिव्या घातल्यात, ते माझ्या नवऱ्याला विचारा. तिथून आमच्यापैकी कोणी हौसेने आलं नाही. पण तुम्ही मागितली म्हणून मी शिवी देणार नाही.

आमच्या सिंध्यांत दारी आलेल्याला पाण्याबरोबर पापड देतात. नुसतं पाणी ठेवलं तर तो पाहुणा नव्हे. वीस वर्षं नानांनी माझ्याकडे भाजलेला पापड खाल्लाय. त्या दिवशी मी फक्त पाण्याचा पेला ठेवला. त्यांना कळलं.

"नाना, व्हिडिओ काढायचा तर चाळीस घरांचा काढा. माझं घर सगळ्यात शेवटी."

"मग अर्जाचं तुमचं तुम्ही बघा."

बघेन. अर्ज अडवा. मी कचेरीत जाऊन बसेन, दहा वर्षं, अजून वीस वर्षं. सरकार मागेल तो कागद दाखवेन. पण माझं इमान तपासायला कोणी माझ्या ओट्यावर चढायचं नाही. पापड मी लाटीन, भाजीन, विकीन. आधी खाऊन दाखवणार नाही.