माझी मेहनती पेशी

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल! असा घोळ घातलाय मी.

अमरावतीत आमची छोटीशी लॅब. नखाएवढ्या चिपवर एकच जिवंत पेशी ठेवायची. तिच्यात चमकणारा रंग भरलेला असतो. वरून निळा दिवा सोडला आणि पेशी कामाला लागली की ती जराशी उजळते, चिपवरचा सेन्सर तो उजेड टिपतो आणि स्क्रीनवर रेघ उडी मारते. तेल्हाऱ्याचा प्रशांत लॅबमध्ये माझ्यानंतर आला, पण त्याची रेघ टणाटण उड्या मारायची. माझी? ढाराढूर झोपलेली! ज्याची रेघ चांगली, त्याला लॅबच्या मॅडम बंगळूरच्या परिषदेला पाठवणार होत्या. इतका जळायचो मी त्याच्यावर, की त्याच्या डब्यातली भाजीसुद्धा मला जास्त चांगली दिसायची.

निवडीच्या दिवशी सकाळी वलगावला चुलत बहिणीला हळद लावून मी थेट लॅब गाठली. माझे हातमोजे संपलेले. भरलेला खोका प्रशांतच्या टेबलावर. त्याला मागायचे? मी? छे! हात रुमालाला पुसले आणि चिप बसवली.

आणि काय सांगू! रेघ थेट वर! वर म्हणजे वरच!

"मॅडम, या लवकर!" मी ओरडलो. "प्रशांत, पाह्य बे, याले म्हणतात पेशी!"

प्रशांतचा चेहरा पडला. काय सुख वाटलं म्हणता!

मॅडम बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. "पेशी मधी मधी थांबते रे. हे कावून थांबून नाही राह्यली?"

"मेहनती हाय, मॅडम!"

"धुऊन टाक तिले."

धुतली. पेशी गेली, रेघ तिथंच!

मॅडमनी माझा हात धरून निळ्या दिव्याखाली नेला. पाचही बोटं हिरवीपिवळी चमकली! चिपच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा हळदीचा ठसा होता.

बंगळूरला अर्थातच प्रशांत गेला. परिषदेच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन.

"भाऊ, हातमोजे कावून घालावं हे सांगाले तुह्या ठशाचा फोटो दाखवला. लोकं हसून हसून बेजार! माह्या पेशीचं कोणीच नाही विचारून राह्यलं, सारे तुहंच विचारते."

आवाज चक्क रुसलेला. पठ्ठ्या माझ्यावर जळत होता!

मला लाज वाटायला हवी होती, नाही का? मी विचारलं, "नाव पूर्ण सांगितलं ना बे?"