दाराशी टेकवलेला वरवंटा

दवाखान्यातल्या त्या खोलीला काचेचं दार होतं आणि ते आपोआप लागायचं. नर्सबाई आत आली की दार सावकाश सरकायचं, खाटेवर पडलेल्या माझ्या मालकांचे डोळे त्याच्या मागे जायचे. दार टेकलं की ते तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचे. दोनदा काढला. नर्सबाई म्हणाली, आता काढला तर हात बांधावे लागतील. माझ्या मुलाने, सुनीलने, मान डोलावली. मी त्याच्या मागे पदर धरून उभी होते. दवाखाना असो की बँक, मी कधी बोललेली नाही... आधी मालक बोलायचे, नंतर सुनील. पण मालक मास्क का ओढतात हे तिथं मला एकटीलाच माहीत होतं.

मालक नेव्हीत होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं काम जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी. आमचं लग्न लढाईनंतर झालं. सिल्लोडजवळच्या त्यांच्या गावात मी नांदायला आले तेव्हापासून त्यांनी आमच्या खोलीला कडी घालू दिली नाही. दार अर्धं उघडं, खाली वरवंटा टेकवलेला, वरून पडदा. सासूबाई म्हणायच्या, "जहाजावरून ही कुठली रीत शिकून आलास रे?" नणंदा हसायच्या. मला तोंड वर काढायची लाज वाटायची.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, मी ज्वारी पाखडत होते तेव्हा. लढाईत भोंगा वाजला की जहाजातली लोखंडी दारं बंद करतात. एका खोलीत पाणी शिरलं तर दुसरीत जाऊ नये म्हणून. वरून हुकूम येईपर्यंत उघडायचं नाही. खाली काही दिसत नाही. नुसते धमाके ऐकायचे आणि दाराकडं बघत राहायचं. "दार लावलं म्हणून जहाज वाचतं," ते म्हणाले. "आत राहिला त्याचं नंतर बघतेत." त्यांचं जहाज परत आलं. त्यांचा एक मित्र दुसऱ्या जहाजावर होता, ते आलं नाही... पोरांना सांगू नको म्हणाले, आणि माझ्या हातातलं सूप घेऊन स्वतःच पाखडायला लागले. निम्मी ज्वारी खाली सांडली.

नेव्ही सुटल्यावर ते चिकलठाण्याला कारखान्यात बॉयलरवर लागले. हर्सूलला घर बांधलं, वरवंटाही गावाहून आला. संडासाचं दारसुद्धा ते लावायचे नाहीत. आत असले की मोठ्यानं अभंग म्हणायचे. सून नवी आली तेव्हा सुनील म्हणाला, "बाबा, आता तरी कडी लावा." तर म्हणाले, "तिला सांग, अभंग चालू हाय तवर इकडं फिरकायचं नाय." सून पोट धरून हसली. सुनीलला मात्र राग यायचा. त्याने हौसेनं आमच्या खोलीत एसी बसवला, पण दार उघडं, म्हणून तो कधी चालवताच आला नाही.

तर त्या सकाळी नर्सबाई पट्ट्या घेऊन आली. सुनील बाजूला झाला. मी पायातली चप्पल काढून दाराच्या फटीत अडकवली. दार तिच्यावर येऊन थांबलं.

"आजी, दार लागू द्या."

"नाय लागणार," मी म्हणाले. "हात नका बांधू. दार उघडं ठेवा, ते मास्क नाय काढायचे."

मोठे डॉक्टर रागावतील, ती म्हणाली. सुनील म्हणाला, आई, तू मधी नको बोलूस. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि एवढ्या लोकांत मालकांना मोठ्यानं म्हणाले, "दार उघडं हाय हो. मी हितंच हाय."

त्यांनी दाराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं... मास्ककडं गेलेला हात हळूच पोटावर ठेवला. नर्सबाई पट्ट्या घेऊन मला ओलांडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक गेले. हात मोकळे होते. घरी येताना रिक्षात मी सुनीलला सगळं सांगितलं. तो बाहेर बघत होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. घर आवरताना सुनेने वरवंटा धुऊन ओट्यावर ठेवला होता. संध्याकाळी वाऱ्याने आमच्या खोलीचं दार धाडकन आपटलं. मी उठायच्या आत सुनील उठला, वरवंटा आणून दाराशी टेकवला.

आता रोज कामावर निघताना तो पायाने वरवंटा नीट सरकवून जातो. दार हलतं, त्याला येऊन टेकतं आणि थांबतं.