ब्रेकची दांडी

सव्वीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात माल नाकारायचं काम करतोय. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टरचा, पण आम्हाला सुटे भाग पुरवणारे छोटे वर्कशॉपवाले मला पाठीमागे 'नाही म्हणणारे साहेब' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं तर थोडं बरं वाटायचं. मापात बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल. समोरचा माणूस कितीही घाम पुसत उभा राहिला तरी मोजमाप बदलत नाही, असं मी तोऱ्यात सांगायचो.

बायको शिक्षिका. हरसूलच्या अलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे ती पहिलीचा वर्ग घेते. नाशिकहून रोजचं जाणं-येणं ती स्वतःच्या गाडीनं करायची. मागच्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण सांगितलेलं ऐकत नाही. कुबडी घेऊन ती घरभर फिरते, स्वयंपाक करते, माझ्यावर ओरडतेही. फक्त गाडीचा ब्रेक दाबू शकत नाही.

एसटीच्या पायऱ्या तिला चढता येत नाहीत. जीपमध्ये एकदा बसून पाहिलं, तर उतरताना पडली. माझी पहिली पाळी सातला सुरू होते, त्यामुळे मी तिला सोडू शकत नाही. तिच्या वरिष्ठांनी माणुसकीनं तोडगा काढला होता. रजा संपून शाळा उघडेपर्यंत ती स्वतःची स्वतः येऊ शकली तर वर्ग तिचा, नाहीतर शहरातल्या ऑफिसात टेबल. सगळे म्हणाले, बरंच झालं, पंख्याखाली बसायचं काम आहे.

तिला ते टेबल नको होतं. पाड्यावरची आदिवासी मुलं घरी डोंगरातली कोकणी बोली बोलतात आणि शाळेत आली की महिनोन्महिने तोंडच उघडत नाहीत. त्यांच्या घरातले शब्द तिनं एका वहीत उतरवून घेतले होते, नऊ-दहा वर्षांत वही फुगून जाड झाली होती. मूल रडायला लागलं की ती त्याच्याच बोलीत काहीतरी विचारायची आणि ते रडता रडता उत्तर द्यायचं. रजेत असताना एका आजोबांचा फोन आला होता. "बाई, कवा येता? पोर साळंत जायाला नाय म्हणतो." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या वहीची पानं उलटत बसली.

मी म्हटलं, पाय नाही तर हातानं चालवू. जुनी गाडी देऊन बिनगिअरची घेतली आणि सातपूरच्या मागच्या गल्लीतल्या एका टर्नरकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. एका लेथ मशीनचं वर्कशॉप, पण हात असा की बघत राहावं. याच चाचांचा एक अख्खा लॉट मी पूर्वी परत पाठवला होता, कारण लोखंडाचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत नव्हतं. "साहब, पीस तर बघा ना," असं ते तेव्हा चारदा म्हणाले. मी बघितला होता. पीस ठीक होता. कागद नाही म्हणून लाल चिठ्ठी लावली आणि कँटीनला चहा प्यायला गेलो. चाचांनी तो विषय काढला नाही. बायकोची तब्येत विचारली आणि कागदावर माझ्याकडून नीट चित्र काढून घेतलं.

तीन महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून दांडी तयार केली. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला मूठ, तिथून खाली पेडलपर्यंत गेलेला रॉड. पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की रेस. पेडल तसेच ठेवले, म्हणजे मलाही गाडी चालवता यावी. आयुष्यात इतकी मापं मी कुठल्याही कामाची घेतली नसतील. नट तर असे आवळले की खडबडीत रस्त्यावर दहा वर्षं हलू नयेत.

दर रविवारी कॉलनीमागच्या मैदानात ती सराव करायची. पहिल्या दिवशी गाडी गचके खात पुढे गेली आणि मी दार धरून बसलो. "अहो, दार सोडा, गाडी मी चालवतेय," ती म्हणाली. चौथ्या-पाचव्या रविवारी कुत्रं आडवं आलं आणि तिनं एका हातानं गाडी जागच्या जागी उभी केली. उतरल्यावर कुबडी न घेता गाडीला टेकून उभी राहिली आणि हसायला लागली. ऑपरेशननंतर मी तिला तशी हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

तिच्या लायसन्सवर नोंद व्हायला हवी, त्यासाठी आधी गाडीतला बदल मंजूर व्हायला हवा, एवढं मला माहीत होतं. कामाला हात लावायच्या आधीच ती म्हणाली होती, "एकदा आरटीओत जाऊन विचारून या ना." मी ऐकलं नाही. आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवीन काम आलं की आधी एक पीस बनवायचा, तो घेऊन तपासणाऱ्याकडे जायचं, त्यानं होकार दिला की मग पुढचं. रिकाम्या हातानं गेलं की कोणी उभं करत नाही, वस्तू समोर ठेवली की बोलणं सोपं जातं. हे मी तिला समजावून सांगितलं, वर हसलोही.

शाळा उघडायला तीन आठवडे होते तेव्हा आम्ही गाडी घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. आवारात रिक्षा, टेम्पो, शाळेच्या बसगाड्या यांची रांग होती. गाडीत बदल केलेल्यांची रांग वेगळी. आमच्या पुढे एका जाड्या गृहस्थांची जीप होती, छातीएवढे टायर आणि टपावर दिव्यांची माळ. आम्ही त्यांच्याच रांगेत कसे, याचं मला हसू आलं. बायकोलाही आलं.

तपासायला आलेल्या अधिकारी बाई तिशीच्या असतील. जीपवाल्यांना त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, "मूळ स्थितीत आणा." मग आमच्या गाडीत बसल्या. दांडी पुढेमागे केली, वाकून बॅटरीच्या उजेडात एकेक नट पाहिला, आवारात एक चक्कर मारून दांडीनं गाडी थांबवली. त्यांची तपासायची पद्धत मला आवडली. चांगला माणूस मिळाला असं वाटून मी निर्धास्त झालो.

"काम छान आहे. कुणी केलं?"

"मी आणि आमच्या सातपूरच्या एका कारागिरानं."

"परवानगी कधी घेतलीत?"

"तीच घ्यायला आलोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, परवानगी आधी घ्यायची असते. आणि हातानं चालवायचं किट कंपनीचं, मान्यता मिळालेलं लागतं, त्याच्या सर्टिफिकेटसकट. स्वतः बनवलेलं मी पास करू शकत नाही."

"मॅडम, पीस तर बघा ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बघितला. चांगला आहे. पण उद्या रॉड तुटला तर सही माझी असते."

हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. त्या चुकत असत्या तर मी भांडलो असतो, भांडायला मला फार आवडतं. पण त्या बरोबर होत्या. त्यांच्या जागी मी असतो तर एवढं गोड बोललोही नसतो.

बायकोनं शांतपणे विचारलं, "सगळं नियमानं केलं तर किती दिवस लागतील?"

"परवानगी, मग किट मागवायचं, ते बसवून तपासणी, मग तुमच्या लायसन्सवर नोंद. चार-पाच महिने धरा."

"तीन आठवड्यांनी शाळा उघडते."

त्यांनी कुणाला तरी सांगून तिच्यासाठी खुर्ची मागवली आणि लागणारे सगळे कागद एका कोऱ्या फॉर्मच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहून दिले. यादीतली पहिली ओळ होती, फेरफारापूर्वी परवानगीचा अर्ज. बायकोनं ती वाचली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. मी दांडीच्या मापांत घालवलेल्या तीन महिन्यांत आणि मैदानातल्या त्या रविवारांत किट आलं असतं, बसलं असतं, आणि ती शाळेत गेली असती. हे तिनं म्हटलं नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

दांडी काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेता येणार नव्हती. मी डिकीतून पाने काढले आणि गाडीखाली आडवा झालो. माझे नट सुटेनात. मी आवळलेले होते ना ते. पाना घसरून बोटं सोलली, शर्ट ग्रीसनं माखला, चष्मा घामानं सारखा खाली येत होता. शेवटी जीपवाले गृहस्थ स्वतःहून वंगणाचा स्प्रे घेऊन आले. "लय फिट बसवलंय काका," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसून बॅटरी धरली. तासभर लागला. निघालेला एकेक नट मी बायकोच्या हातात देत होतो आणि ती तो रुमालात ठेवत होती.

मधेच चाचांचा फोन आला. "साहब, झाला पास?"

"पीस चांगला आहे म्हणाल्या."

पलीकडे लेथचा आवाज बंद झाला. "और कागज?" त्यांनी हळूच विचारलं. मी पाना खाली ठेवला. "कोई बात नहीं," ते म्हणाले, "भाभींना सांगा, मी विचारलं म्हणून."

अधिकारी बाईंनी रिकामी जागा पाहिली आणि गाडी मूळ स्थितीत असल्याचा शेरा मारला. दांडी मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. बायको डावीकडे बसली, मी स्टिअरिंगवर. आवाराबाहेर पडताच तिनं मुख्याध्यापकांना फोन लावला. "सर, पहिलीचा वर्ग आता दुसऱ्या कुणाला द्या. नाही, नाही जमणार. जे येतील त्यांच्यासाठी मी माझी वही पाठवून देते. तेवढी त्यांना वाचायला सांगा." आवाज अगदी नेहमीचा होता. फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझं चुकलं, एवढे दोन शब्द मला तेव्हा बोलता आले नाहीत.

सातपूरच्या सिग्नलजवळ एक बस अचानक मध्ये घुसली. मी ब्रेकवर पाय दाबला. त्याच क्षणी तिचा डावा हात मूठ वळून पुढे गेला आणि हवेतच जोरात दाबला गेला, मैदानात कुत्रं आडवं आलं होतं तेव्हा गेला होता तसा. गाडी थांबली. तिनं हात लगेच मागे घेतला नाही.