जयसिंगरावांचं चुकलेलं माप

कुरुळीचे जयसिंगराव चाकणच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस होते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे, पास करायचे नाहीतर बाजूला टाकायचे. ती सवय इतकी मुरलेली की भाकरीसुद्धा आधी निरखत, मग मोडत. माणूस सरळ, निर्व्यसनी. त्यांची लेक साक्षी माझी विद्यार्थिनी, म्हणून त्या घरी माझं जाणंयेणं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, कस्तुराबाई, दमू लागल्या. ओट्याशी उभं राहिलं की धाप लागे. मग जयसिंगराव त्यांना पलंगावर निजवत, करोनात घेतलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावत आणि आकडा वाचत. सत्त्याण्णव. शहाण्णव.

"मशीन खोटं बोलत न्हाई, कस्तुरा."

"अवं, पडलं की बरं वाटतं, उठलं की पुन्हा तेच."

"पडल्यावर कुणाला बरं वाटत न्हाई? मला बी वाटतं!"

भाचीच्या साखरपुड्यात जयसिंगरावांनी हे 'पडलं की बरं' चारचौघांत सांगितलं. नणंद पिंकी म्हणाली, "वहिनी, आमाला बी शिकवा की हे दुखणं!" सगळे हसले. कस्तुराबाई पदर खोचून वाढायला उठल्या. त्यानंतर त्या दिवसा कधी आडव्या झाल्या नाहीत; जयसिंगराव रात्री निजताना आकडा बघत.

दिवाळीला साक्षी माहेरी आली. आईची नखं निळी दिसली, तेव्हा तिनं ओट्याशीच यंत्र लावलं. ब्याऐंशी.

"हात गार असंल. निजव आधी," जयसिंगराव म्हणाले. निजवल्यावर शहाण्णव. उभं केल्यावर पुन्हा ब्याऐंशी. त्यांनी स्वतः तीनदा मोजून पाहिलं.

पिंपरीच्या डॉक्टरांनी उलगडा केला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून बारीक छिद्र. पुष्कळांना असतं, त्रास होत नाही. वयानं हृदयाची ठेवण थोडी बदलली आणि उभं राहिलं की अशुद्ध रक्त त्यातून शुद्ध रक्तात मिसळू लागलं.

"घरी मोजत होता ना?"

"रोज."

"उभं करून?"

जयसिंगरावांनी नकारार्थी मान हलवली. मला नंतर म्हणाले, "गुरुजी, भाग गाडीत जसा बसतो तसाच धरून मोजायचा, हे मी पोरांना शिकवलं. आन् घरात निजवून मोजत ऱ्हायलो."

मांडीच्या शिरेतून नळी घालून छिद्र बंद केलं. कस्तुराबाई घरी आल्या, तशी बघायला माणसं जमली. पिंकी म्हणाली, "दादानं येळेवर नेलं म्हणून वाचली."

"म्या न्हाई नेलं," जयसिंगराव म्हणाले. "साक्षीनं नेलं. म्या दोन वर्षं हिला खोटी ठरवली. तुमच्यासमोर ठरवली."

 पिंकीनं मान खाली घातली.

कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत. पण मला बी वाटाया लागलं हुतं, का मीच कामचुकार हाय. उभी ऱ्हायले की सोताचीच लाज वाटायची."