बाबांनी दुरुस्त केलेली बासरी

तिला घरात फुंकणी म्हणत. नाव बाबांनीच ठेवलेलं, ती सातव्या वर्षी बासरी घेऊन फू फू करत बसली तेव्हाचं. आता एकोणतीस संपत आली तरी ते काही सुटलं नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आलं की बासरी. हौसमौज नाही, सिनेमा नाही. वेड एकच: तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या वाद्यांवर शिकवणारं एक महाविद्यालय होतं, तिथे प्रवेश मिळवायचा. वयाची अट तिशीची. म्हणजे यंदाची परीक्षा शेवटची.

तीन वर्षांपूर्वी ती धातूची बासरी घेऊन गेली होती. परीक्षक म्हणाले, हात छान आहे, पण जुन्या घडणीच्या लाकडी बासरीवर या. तशी बासरी करणारा कारागीर चार वर्षांनंतरची तारीख देत होता. मग बाबाच सरसावले. जन्मभर टेबलं-कपाटं केलेला सुतार माणूस. तिने नकाशा आणून दिला आणि चौदा महिने खपून त्यांनी चार तुकड्यांची बासरी केली. आणि काय वाजायची हो! ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं.

त्या बासरीवर फुंकणीने तीन रचना बसवल्या. एक नाचाच्या तुकड्यांची, एक एकट्या बासरीची, आणि एक हार्पसिकॉर्डबरोबर वाजवायची. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य. सूर कुठे थरथरवायचा याच्या पेन्सिलीच्या खुणा करून-खोडून कागद फाटायला आले. एक लांब ओळ एका श्वासात बसायला चार महिने गेले, पण बसली.

फक्त एक गोष्ट घरात सांगायची राहून गेली. ह्या जुन्या संगीताचा सूर आजच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली ठेवतात, आणि बासरी मुद्दाम तशीच केलेली असते. तिला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की हे सांगावं लागतं असं तिच्या मनातही आलं नाही. तिथेच सगळं बोंबललं.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. ती दुकानातून आली तर बाबा बासरी मांडीवर घेऊन बसलेले, चेहरा नुसता फुललेला.

"फुंकणे, रागावू नकोस हं," ते म्हणाले. "माझ्याकडून माप चुकलं होतं. परवा तू वाजवत असताना मी बाहेरच्या खोलीत तुझ्या जुन्या कीबोर्डची पट्टी दाबून बघितली, तर बासरी उतरलेली! वर्षभर बोलली नाहीस ना, बापाला वाईट वाटेल म्हणून? मला काय कळत नाही? आज मधला तुकडा कापून आखूड केला, सूर वर चढवला. आता वाजव."

तिने वाजवली. पहिला सूर कीबोर्डशी बरोब्बर जुळला, आणि बाबांनी मांडीवर थाप मारली. बाकीचे सूर मात्र आपसातच भांडत होते. कारण तुकडा कापला तरी भोकं होती तिथेच राहिली होती.

"जमलं ना?" बाबांनी विचारलं.

"जमलं," ती म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? दुसरी करा म्हणावं, तर आधी खरं सांगावं लागलं असतं. आणि चौदा महिन्यांचं काम आठ दिवसांत होणार होतं का? तिने चार ठिकाणी फोन केले. परीक्षेच्या तोंडावर कुणी आपली बासरी देतं का? हार्पसिकॉर्डचा सूर चढवाल का म्हणून विचारलं, तर ते आमच्याच सुरात राहील, असं महाविद्यालयातून सांगितलं. मग आठ दिवस ती बासरी ओठाशी आत वळवून एकेक सूर खाली ओढत राहिली. ओठ सुजले. ती एका श्वासातली ओळ आता दोन श्वासांतही पुरी होईना. न्हाणीघरात नळ सोडून ती रडून घ्यायची. सरळ जाऊच नये असंही वाटलं. पण का जात नाहीस, याचं उत्तर बाबांना काय देणार होती?

परीक्षेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत हार्पसिकॉर्डवाल्या बाईंनी सूर दिला. फुंकणीने जीव एकवटून ओठ वळवले, तरी बासरी वरच राहिली. बाई थांबल्या, परत सूर दिला. तिसऱ्या वेळी परीक्षकांनी हळूच हात वर केला.

"तुमची तयारी दिसतेय," ते म्हणाले, "पण ह्या वाद्यावर आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही." पुढच्या वर्षी या, असं ते म्हणाले नाहीत. अर्जावर तिची जन्मतारीख होती.

ती बाहेर आली तेव्हा बाबा उठून उभे होते, रागाने लालबुंद.

"मी ऐकलं सगळं," ते म्हणाले. "त्यांचं वाद्य उतरलेलं होतं! एवढं मोठं कॉलेज आणि साधा सूर लावता येत नाही? आपली बासरी बरोबर होती. तू सांगितलंस की नाही त्यांना?"

"सांगितलं, बाबा," ती म्हणाली.