बाही राहिलेला स्वेटर घेऊन साताऱ्याच्या घाटात

...अंगण झाडून झालं होतं, दूध तापवून झाकून ठेवलं होतं, बंबात पाणी तापत होतं. भाकरीचं पीठ काढून ठेवलं, विणकामाची पिशवी उचलली आणि कालव्याच्या कठड्यावर जाऊन बसले. हे फौजेतून निवृत्त झाल्यापासून आमची सकाळ अशीच असायची. हे कालव्याच्या रस्त्यावर पळत फेऱ्या मारायचे आणि मी कठड्यावर बसून विणायची. घड्याळ मी कधी बघितलं नाही. यांच्या एका फेरीत यांच्याच स्वेटरच्या बाहीच्या तीन ओळी व्हायच्या. त्या दिवशी तिसऱ्या फेरीच्या तीन ओळी झाल्या, चौथी ओळ झाली, पाचवी अर्धी झाली, तरी हे वळणावर दिसले नाहीत.

पाचवी ओळ चार वर्षं अर्धीच राहिली.

हे सगळं एका प्रवासाच्या लेखात का, असं तुम्ही विचाराल. कारण हा प्रवास त्या अर्ध्या ओळीपासून सुरू होतो.

पळता पळताच छातीत कळ येऊन हे गेले. यांच्या दिवसकार्यानंतर मामंजी, म्हणजे माझे सासरे, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता या घरातलं कुणी पळायचं न्हाई." तेही जुने फौजी. पाटणला धाकट्या दिराकडे राहतात. त्यांच्या शब्दापुढे कुणी बोललं नाही, मीही नाही. पण वर्षभराने मी कालव्यावर चालायला लागले. चालताना डोक्यात नको ते विचार यायचे. एक दिवस पळून बघितलं, तर श्वास सांभाळता सांभाळता दुसरं काही सुचेना. मग दिवसाआड पळू लागले. दवाखान्यात जाऊन छातीची तपासणी करून घेतली, ती दर वर्षी करते. शर्यतींना जाऊ लागले. पाटणला मात्र कळू दिलं नाही. फोन आला की म्हणायची, "फिरायला गेले होते."

गेल्या दिवाळीत मामंजींनी विचारलं, "त्याचा स्वेटर हुता की अर्धा. कुठं गेला?"

"हाय की पेटीत."

"पडून ठिवू नको. पुरा कर, मी घालतो."

शेवाळी रंगाची ती लोकर यांनीच साताऱ्याहून आणली होती. आता तो रंग कुठे मिळत नाही. एक बाही अर्धी राहिली होती आणि गुंडा मोसंब्याएवढा उरला होता. त्यातच साताऱ्याच्या घाटातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी नाव घातलं होतं. गेल्या वर्षी याच शर्यतीत, मागे पडलेल्यांना गोळा करत येणाऱ्या गाडीने मला वाटेतच उचललं होतं. ठरवलं, शनिवारी सातारा, रविवारी सकाळी शर्यत, दुपारी पाटण, सोमवारी घर. बाही वाटेत विणायची. शर्यतीचं पाटणला सांगायचं नाही.

शनिवार : पलूस ते सातारा

बरोबर शेजारची सुमन होती. ती पळत नाही. तिला सातारा बघायचा होता आणि मला पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं.

पलूसहून कराडला जाऊन तिथे गाडी बदलायची. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. थंडीच्या दिवसांत या रस्त्याला हातात वेळ ठेवून निघा. कारखाने सुरू असतात आणि उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे एसटी बैलगाडीसारखी चालते. इतरांना त्याचा वैताग येतो. मला मात्र कराड येईपर्यंत अकरा ओळी मिळाल्या.

विणकाम, पळणं आणि फिरणं हे सगळं कसं जमवता, असं काही वाचक विचारतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांनी शिकवलं, त्यामुळे मोठी युक्ती माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. गाडीत बसले की विणते, उतरले की चालते, गाव झोपलेलं असतं तेव्हा पळते. सुया, बूट आणि एक पुस्तक एकाच पिशवीत ठेवते. एक उचललं की बाकीची दोन दिसतात, विसरायला होत नाहीत.

कंडक्टर मुलगी तिकीट फाडताना थांबली. "मावशी, जावयाला का?"

"सासऱ्याला."

"सासऱ्याला?" ती पुढे जाता जाता मागच्या बाईला म्हणाली, "बघा, आमची सासू मला साधं पातळ देत न्हाई, अन् हितं सून सासऱ्याला स्वेटर विणतीया!"

"तू आधी तिच्या पोराला नीट जेवाय घाल, मग देती," मागची बाई म्हणाली. अर्धी गाडी हसली.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ साधी खोली घेतली. खोली आधी फोन करून ठरवा, शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळीकडे गर्दी असते. शर्यतीचा नंबर आणायला गेलो तेव्हा कागदी नंबराबरोबर चार सेफ्टी पिना मिळाल्या. संध्याकाळी खोलीवर पहिली बाही स्वेटरला लावून बघायची होती, म्हणजे दुसरी किती लांब हवी ते कळलं असतं. हाताशी त्याच चार पिना होत्या. त्यांनी बाही जोडली, माप घेतलं आणि स्वेटर तसाच घडी करून ठेवला. विणणाऱ्या बाईला पिन दिसली की ती कामालाच लावते. ती कशासाठी मिळाली आहे ते तिच्या ध्यानात राहत नाही.

रविवार सकाळ : घाट

साडेपाचला मैदानावर पोचलो. थंडी चांगली होती. बहुतेक जण हातपाय ताणत होते, मी कोपऱ्यात बसून बाही विणत होते. दोन मुली बघून हसल्या, मग जवळ येऊन लोकरीला हात लावून गेल्या. सहाला नंबर लावायला काढला आणि पिना खोलीवर राहिल्याचं लक्षात आलं. नंबर वाटणाऱ्यांच्या टेबलावरच्याही संपल्या होत्या.

"तोंडात धरून पळ," सुमन म्हणाली.

"गप गं."

लोकर शिवायची जाड सुई माझ्या बटव्यात कायम असते. गुंड्याच्या आतलं टोक ओढलं, दाताने तोडलं आणि टीशर्टावर नंबर शिवायला घेतला. हात गारठले होते, घाई होती. नंबर सुटला तर पळणं मोजलं जाणार नाही या भीतीने दोरा दुहेरी घेतला, चारही कोपऱ्यांना गाठीवर गाठ मारली.

"अगं, त्या लोकरीनं?" सुमनने विचारलं.

"दोन वितीचं काम आहे," मी म्हणाले. दोन वितींचं नव्हतं, चांगली तीन हात लोकर गेली.

ज्यांना या घाटात पळायचं आहे त्यांना सांगते, पहिल्या चढाला जोर लावू नका. शहर मागे पडलं की रस्ता वळणं घेत वर चढत जातो आणि खाली साताऱ्याचे दिवे अजून विझलेले नसतात. ते बघायला मान वळवायची आणि तेवढाच दम खायचा. मी पावलं मोजत नाही, मनात टाके मोजते. पन्नास टाक्यांची ओळ झाली की पुढची ओळ. गेल्या वर्षी ज्या वळणावर गाडीत बसले होते ते वळण आलं. मागे वळून बघितलं. गाडी होती, पण लांब होती.

तिथून परतीचा उतार. पावणेदोन तासांच्या आत पोचायचं होतं. सात मिनिटं राखून पोचले.

सुमन पिशवी छातीशी धरून उभी होती. "बया! मला वाटलं गाडीतनंच येतीस परत."

मी जमिनीवर बसले. छाती भरून आली होती, पण दुखत नव्हती. कितीतरी वेळ ते नुसतं तपासून बघत होते. दुखत नव्हती.

नाक्यावर मिसळ खाल्ली. तिखट आहे, पोटाची ताकद बघून खा. मामंजींसाठी कंदी पेढे घेतले आणि खोलीवर जाऊन पिशवी आवरली. नंबर काढावा म्हटलं तर गाठी काही सुटेनात. कात्री घरी राहिली होती. पाटणची गाडी लागली होती. मग टीशर्टावरच कुडता चढवला, ओढणी घेतली आणि सुमनला कराडच्या गाडीत बसवून निघाले.

रविवार दुपार : पाटण

उंब्रजला महामार्ग सुटला की गाडी मल्हारपेठेच्या रस्त्याला लागते आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. खिडकीजवळची जागा मिळाली तर सोडू नका. मी मात्र मान वर केली नाही. मल्हारपेठेला बाही संपली. टाके बंद केले, पिना काढून पहिली बाही शिवून टाकली.

मामंजी ओसरीवर बसले होते. पाया पडले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लंगडतीस का?"

"गाडीत पाय अवघडला."

चहा झाला. जाऊ शोभा शेजारी येऊन बसली आणि मी दुसरी बाही शिवायला घेतली. अर्धी बाही शिवून झाली आणि लोकर संपली. पिशवी उलटी केली, तळ चाचपला. जेवढी कमी पडली होती तेवढी माझ्या छातीवर होती, कुडत्याच्या आत.

"काळ्या दोऱ्यानं शिव की अक्का," शोभा म्हणाली. "काखंत कोन बघतंय?"

खरंच होतं. कुणी बघितलं नसतं. तिने दोऱ्याचं रीळ आणूनही दिलं. मी सुईत काळा दोरा ओवला. मामंजी बघत होते. हातात त्यांच्या मुलाचा स्वेटर होता, आणि तीन वर्षं मी त्यांना फोनवर "फिरायला गेले होते" सांगत आले होते. दोरा काढून ठेवला, आत गेले, टीशर्ट काढला आणि बाहेर येऊन त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी नंबर बघितला. उलटा करून मागची बाजू बघितली.

"ह्ये काय?"

"साताऱ्याची शर्यत. दहा किलोमीटर. सकाळी पळाले."

शोभा उठून आत गेली. मामंजींनी टीशर्ट मांडीवर नीट पसरला. मग म्हणाले, "मी काय सांगितलं हुतं?"

"पळायचं न्हाई म्हणून."

"मग?"

"बसवत न्हाई मामंजी. त्या कठड्यावर आता मला बसवत न्हाई. पळाले की घरी परत येते, अन् परत आल्यावर दिवस जातो."

त्यांनी पुन्हा नंबराकडे बघितलं. आवाज चढला नाही. "कवापास्नं?"

"तीन वर्षं झाली."

"चक्कर येती?"

"न्हाई."

"छातीत?"

"न्हाई. दर वर्षी दाखवते. कागद हाय पिशवीत, बघा."

कागद त्यांनी मागितला. चष्मा लावून सगळा वाचला, वाचता येत नव्हतं ते इंग्रजीही बोट फिरवून बघितलं. घडी करून परत दिला. मग टीशर्ट जवळ ओढला आणि एका कोपऱ्याची गाठ नखाने सोडवायला घेतली.

शोभाने आतून ब्लेड आणलं. "मामा, कापा की."

"कापल्यावर तुकडं हुतील. शिवायला पुरायचं कसं?"

ऐंशी ओलांडलेला माणूस. घामाने भिजून गाठी घट्ट झालेल्या. चार कोपऱ्यांना अर्धा तास गेला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "गाठी मारताना इच्यार केला न्हाईस, आता बस." शेवटची गाठ सुटली तेव्हा त्यांनी लोकर दोन बोटांतून ओढून सरळ केली आणि माझ्या हातात दिली.

"येळ किती लागला?"

"एक तास अडतीस मिनिटं."

"लय हाय," ते म्हणाले. "त्यो असता तर वरडला असता."

"व्हय. वरडले असते."

आम्ही दोघंही थोडं हसलो. लोकर पुरली, सुईत ओवता येईना एवढीच उरली. मामंजींनी स्वेटर घातला. खांद्यात सैल होतो, यांचे खांदे रुंद होते. दुसऱ्या बाहीला काखेत माझ्या घामाचा डाग पडलेला धागा आहे. त्यांनी धुऊ दिला नाही.

सोमवार : घर

निघताना मामंजी स्टँडवर आले. स्वेटर अंगात, ऊन चढलं तरी. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी आले. "पळाय जाताना एक मिस कॉल द्यायचा. परत आली की दुसरा. दुसरा आला न्हाई तर मी पाटणातनं निघणार, सांगून ठिवतो."

"एवढ्या सकाळी?"

"मी काय झोपलेला असतो व्हय?"

कराडला गाडी बदलली. उसाच्या ट्रॉल्या पुन्हा आडव्या आल्या. पिशवीत विणायला काही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या हाताने खिडकीबाहेर बघत आले. वाटलं होतं स्वेटर संपला की यांच्यासाठी करण्याचं काहीच उरणार नाही, आणि ते सोसणार नाही. तसं झालं नाही. आठवण आहे तेवढीच आहे. फक्त आता फोनवर खोटं बोलायचं नाही, एवढं एक ओझं पाटणला राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठले, अंगण झाडलं, दूध तापवलं, पाटणला मिस कॉल दिला आणि कालव्यावर तीन फेऱ्या पळाले. घरी आल्यावर दुसरा दिला.